कुणीच न नेलेला रिपोर्ट

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक आमच्या नात्यातलेच, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. "काकू, लॅबचे अनुभव लिहा, पण जरा हलकंफुलकं ठेवा," असं त्यांनी बजावून सांगितलंय. मी देवासच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं माणसांच्या शरीरातून काढलेल्या गाठी कापत होते. त्यातून हलकंफुलकं काय काढणार? तरी सुरुवातीला थोडं आहे, ते वाचून घ्या.

मी डॉक्टर नाही. सिस्टरही नाही. खिडकीतून "सिस्टर" अशी हाक आली की मी मान वर करत नसे. दुसऱ्यांदा "ताई" म्हटलं की मग बघायची. मी टेक्निशियन. डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघून रोगाचं नाव सांगतात, पण त्यांनी बघावं असं काही त्या काचेवर आणून ठेवणं, हे माझं काम.

लोकांना वाटतं, रिपोर्ट म्हणजे मशीनमध्ये टाकलं की कागद बाहेर. छातीच्या ऑपरेशननंतर दहा-दहा, बारा-बारा दिवस लागतात तेव्हा मंडळी खिडकीवर येऊन भांडतात. त्यांच्यासाठी सांगते. काढलेला स्तन आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात. डोळ्यांना झोंबणारं पाणी असतं ते. त्यात मांस कुजत नाही आणि घट्ट होतं. पण स्तनात चरबी फार, तिच्यात ते पाणी मुरायला वेळ घेतं. नीट मुरलं की चकत्या करायच्या, गाठ मोजायची, कापलेल्या कडेपासून ती किती लांब आहे ते बघायचं आणि नखाएवढे तुकडे निवडायचे. ते तुकडे मेणात बसवायचे. मग त्या मेणाच्या वडीवरून केसाहून पातळ पापुद्रा काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. त्यातलं एक जरी घाईने केलं तरी डॉक्टरांना चुकीचं दिसतं. शिवाय हार्मोनच्या तपासणीसाठी एक वडी इंदूरला पाठवावी लागते, तिचे आणखी काही दिवस.

आणि काखेतल्या ग्रंथी. स्तनाबरोबर सर्जन काखेतली चरबीही काढून पाठवतात. त्या चरबीत मटाराच्या दाण्याएवढ्या, कधी मोहरीएवढ्या ग्रंथी लपलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात. रोग छातीतच बसून आहे की पुढे निघाला, ते पहिल्यांदा इथे कळतं. ग्रंथी स्वच्छ असल्या तर उपचार सौम्य, त्यांत रोग असला तर कडक. म्हणून एकही सुटून चालत नाही. हे काम अजून कुठल्या यंत्राला येत नाही, माझ्या बोटांना येतं. बढाई वाटली तर वाटू द्या.

आता ते हलकंफुलकं. खातेगावहून एक गृहस्थ आईची गाठ लोणच्याच्या बरणीत घेऊन आले. बरणीचं तोंड अरुंद. मांस आत गेलं तेव्हा मऊ होतं, फॉर्मलिनमध्ये दोन दिवसांत घट्ट झालं, आणि बाहेर काही येईना. शेवटी टॉवेलात गुंडाळून हातोडीने बरणी फोडली. बाहेरून त्यांचा आवाज: "ताई, बरनी वापस मिलेगी क्या? माँ की है." दुसरे एक जण थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात तुकडा घेऊन आले होते. "एकदम ताजा है," म्हणाले. बर्फाने त्याचा पार विचका झाला होता. त्यांना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं हलकंफुलकं. यापुढचं तसं नाही.

लॅबमध्ये नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायची. नाव बघायचं नाही, नंबर बघायचा. आमच्याकडे एका दिवसात तीन सुनीता वर्मा यायच्या. नावावर भरवसा ठेवला की घोटाळा ठरलेला. डबा आला की त्याला नंबर पडला, आणि तिथून पुढे चकती, वडी, काच, कागद, सगळ्यांवर तोच नंबर. टेबलावर काम करताना समोर कोणाचं मांस आहे हे मला माहीत नसायचं आणि मी ते माहीत करूनही घेत नसे. तीस वर्षांत एकदाही नंबर चुकला नाही, हे मी अजूनही ताठ मानेने सांगते. पुढे जे झालं, त्यातही नंबर चुकला नव्हता.

निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिली असतील तेव्हाची गोष्ट. त्या मंगळवारी रजिस्टरवर बसणारी मुलगी सुट्टीवर होती म्हणून खिडकीत मी होते. अकराच्या सुमारास हॉस्पिटलच्या माणसाने एक मोठा डबा आणून दिला. सोबत फॉर्म: कमल जगदाळे, वय एकोणसाठ, डावा स्तन. खाली पुतण्याचा मोबाईल नंबर. मी रजिस्टरमध्ये नोंद केली, डब्याला नंबर पडला एकशे चाळीस.

तासाभराने खिडकीशी एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत रुमालात गुंडाळलेली छोटी बरणी, तीही अंगापासून लांब धरलेली. ऑपरेशन थिएटरमधून कुणीतरी "ये भी लैब में दे दो" म्हणून त्यांच्या हातात दिली होती. आमच्याकडे हे सर्रास चालतं. बरणीचं झाकण सैल होतं, फॉर्मलिन गळून लेबलवरची शाई फुटली होती. नीट वाचता येत होतं ते फक्त आडनाव, आणि काखेतलं मटेरियल आहे एवढं. फॉर्म नव्हताच. वीज गेलेली, पंखा बंद, मला भूक लागलेली आणि बाई रडत होत्या.

"पेशंटचं नाव?"

"आमच्या जाऊबाई आहेत हो."

"अहो, जाऊबाई हे नाव झालं का? नाव सांगा."

"मंदाकिनी. मंदाकिनी जगदाळे."

"वय?"

"माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. बासष्ट धरा."

"मोबाईल?"

"तो पोराकडे. नंबर नाही पाठ मला."

"बरं. रडू नका, रडून काही रिपोर्ट लवकर येत नाही."

हे शेवटचं वाक्य मी खरंच बोलले. सकाळीही एक जगदाळे येऊन गेल्या होत्या हे माझ्या लक्षात होतं. "त्या तुमच्याच का?" असं अगदी ओठांवर आलं. पण बाईंच्या मागे चार माणसं उभी होती, त्यातला एक काउंटरवर बोटं आपटत होता. मी नवी ओळ लिहिली आणि बरणीला वेगळा नंबर टाकला, एकशे चव्वेचाळीस. "पुढचे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे एकाच टेबलावर, हातभर अंतरावर होते. आधी चाळीस उघडला. गाठ दोन सेंटिमीटरच्या जरा वर, कडा चांगल्या लांब. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काखेचं काही नाही आलं?"

"फॉर्मवर स्तन एवढंच लिहिलंय. आलं ते हेच."

त्यांनी तसं लिहून घेतलं. मग मी चव्वेचाळीस घेतला आणि चरबीत बोटं घातली. अकरा ग्रंथी मिळाल्या. त्यांतल्या चार कडक होत्या. काच रंगवून व्हायच्या आधीच बोटांना कळतं. कोण आहे बिचारी, असं मनात आलं आणि मी पुढच्या डब्याकडे वळले.

बाराव्या दिवशी कमल जगदाळेंचा रिपोर्ट न्यायला पुतण्या आला. विनय त्याचं नाव, देवासच्या एका कारखान्यात नोकरीला. पाळी संपवून तसाच आला होता. शाळा हिंदीत झालेली, त्यामुळे मराठी घरापुरतं. इंग्रजी रिपोर्ट त्याने खिडकीशीच बोट फिरवत वाचला.

"ताई, मार्जिन फ्री लिखा है. और लिम्फ नोड के आगे लिखा है, नहीं मिले. मतलब काखेत नाही गेलं ना?"

"सर्जनना दाखवा."

"दिखाएंगे ना. पर तुम्ही तर सांगा. काकी चार दिवस झाले, धड जेवली नाही."

त्या ओळीचा अर्थ असा होता की ग्रंथी तपासायला मिळालेल्याच नाहीत. त्यांत रोग आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. मला हे ठाऊक होतं. पण खिडकीतून अर्थ सांगायचा नाही हा नियम, आणि सर्जन सांगतीलच की. त्याच वेळी त्या पोराचा उतरलेला चेहरा बघून मला राहवेना, म्हणून नियम अर्धा मोडला. म्हणाले, "कडा स्वच्छ आहेत. चांगलं आहे."

त्याने तिथेच फोन लावला. "काकी, लॅबवाल्या ताई खुद बोल रही हैं, चांगलं आहे!" पलीकडून कुणीतरी रडल्याचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

ट्रेमध्ये मंदाकिनी जगदाळेंचा रिपोर्ट तसाच राहिला.

रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट लोक विसरतात. गाठीचा रिपोर्ट कुणी विसरत नाही. तयार व्हायच्या आधीपासून चकरा सुरू होतात. पंधरा दिवस झाले, कुणी आलं नाही. मी हॉस्पिटलला फोन केला. "मंदाकिनी जगदाळे? इस नाम की कोई पेशंट नहीं है यहाँ." पुन्हा बघा म्हटलं. पुन्हा तेच. मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलची बरणी असेल. देवासात जिथे जिथे अशी ऑपरेशनं होतात तिथे विचारलं. कुठेच नाही.

वीस दिवस झाले. रोज सकाळी आल्या आल्या मी ट्रे बघायची. मालक एकदा म्हणाले, "ताई, नहीं आया तो नहीं आया, हम क्या घर-घर जाएँगे?" मी त्यांच्यावर खेकसले. चार ग्रंथींत रोग म्हणजे थांबून चालत नाही. टाके सुकले की थोड्याच आठवड्यांत पुढचा उपचार सुरू व्हावा लागतो. इकडे कुठेतरी एक बाई होती, जखम भरली म्हणून स्वयंपाकाला लागलेली, आणि तिच्याबद्दल तिला स्वतःला माहीत नसलेली गोष्ट माझ्या ट्रेमध्ये पडून होती. कधी वाटायचं ती गेलीच असेल. कधी वाटायचं तिच्या घरच्यांनी तिच्यापासून लपवलं असेल. असं करणारी माणसंही मी पाहिली आहेत. खिडकीशी डोक्यावर पदर घेतलेली कुणी बाई दिसली की मी हातातलं काम टाकून जायची. घरी माझी चिडचिड वाढली. एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मध्येच मला रडू आलं आणि यजमान घाबरले.

रिपोर्ट ट्रेमध्ये पडल्याच्या पाचव्या आठवड्यात आमच्या नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. लग्न लागलं, लक्ष्मीपूजन झालं, आणि नवरीचं नाव बदलायची वेळ आली. आमच्याकडे अजून हे करतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. नवरी बँकेत अधिकारी. ती हसत पण ठामपणे म्हणाली, "नाव नाही बदलणार हं मी. आधार, पॅन, सगळ्यात तेच आहे. बहुत प्रॉब्लम होती है."

शेजारी आमच्या एक वयस्कर मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कागदावर असू दे की जुनं. आम्ही काय कागद बदलले? आधारवर मी अजून माहेरचीच आहे. घरात त्या नावाने मला कुणी ओळखायचं नाही."

माझ्या हातात जिलबीचं ताट होतं. ते मी कुणाच्या तरी हातात दिलं आणि निघाले. कुठे निघालीस, असं विचारणाऱ्या यजमानांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

रविवार होता. चौकीदाराने लॅब उघडून दिली. मी दोन्ही कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. एकच आडनाव, एकच दिवस. एकीचा स्तन आला, काख नाही. दुसरीची काख आली, स्तन नाही. वयात तीन वर्षांचा फरक. पण आधारवरचं वय आणि घरातलं वय जुळतं अशी त्या पिढीतली बाई मी तरी पाहिलेली नाही. कमल माहेरची आणि मंदाकिनी सासरची, कागदावर बदललेलं ते फक्त आडनाव. बाई एक. तिच्या जावेने घरातलं नाव सांगितलं, ते तिला माहीत असलेलं एकमेव नाव. आणि ती ओळ रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात होती.

मी दोन्ही काचा लावून बघितल्या. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं काचा केल्या आहेत. दोन्हींत पेशी सारख्याच मांडणीने बसल्या होत्या. मी दोन्ही काचा डॉक्टर मॅडमच्या टेबलावर काढून ठेवल्या. लग्नातली साडी अंगावर होती.

सोमवारी डॉक्टर मॅडमनी दोन्ही काचा पुन्हा पुन्हा बघितल्या. "सारखं आहे. पण सारखं दिसतंय म्हणून एकाच बाईचं, असं मी सही करून लिहू शकत नाही. पक्कं करा." मी हॉस्पिटलला चालत गेले. इतके दिवस मी चुकीचा प्रश्न विचारत होते. मंदाकिनी आहे का, असं न विचारता त्या मंगळवारी छातीची ऑपरेशनं किती झाली, असं विचारलं. रजिस्टरमध्ये एकच होतं. कमल जगदाळे, स्तन आणि काख.

मग विनयला फोन. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा कारखान्याच्या गोंगाटात आवाज आला.

"विनय, काकीला घरात काय नावाने हाक मारतात?"

"नाव? हम तो काकी ही बोलते हैं. रुको, आईला विचारतो, संध्याकाळी..."

"आत्ता विचार."

पाच मिनिटांनी त्याचाच फोन. "मंदाकिनी. क्या हुआ ताई? सब ठीक है ना? आपने ही तो बोला था."

त्याच्याकडून सगळं कळलं. सर्जननी पेशंटला घेऊन या म्हणून सांगितलं होतं. पण काकी धारला आपल्या घरी गेलेली, टाके तिथेच काढले, रिपोर्टचा फोटो ओळखीच्या एका औषधवाल्या भियाला (इकडे भैयाला भियाच म्हणतात) व्हॉट्सॲपवर पाठवला, त्याने "नोड क्लियर" असं कळवलं, आणि शिवाय लॅबवाल्या ताई खुद्द म्हणाल्या होत्याच. आता कशाला परत काकीला दगदग, असा विचार सगळ्यांनी केला.

मालक म्हणाले, "नाव की दुरुस्ती हुई, इतना लिख दो. फोन पे बता दो. ज़्यादा बोलने की ज़रूरत नहीं." डॉक्टर मॅडमनी नवा रिपोर्ट सही केला आणि सर्जनना स्वतः फोन लावला. मी रजेचा अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी विनय आणि त्याची आई, म्हणजे बरणी आणून देणारी ती धाकटी जाऊ, गाडी करून धारला निघाले, त्यांच्याबरोबर मीही गेले. वाटेत दोघांना सांगितलं. 

कमलताई (मी त्यांना काय म्हणू हेही मला सुचत नव्हतं) दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, चेहरा हसरा. बैठकीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकीवर एक. ऑपरेशननंतर हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सांगतात. रोज हात जिथवर पोचला तिथे त्या रेघ मारत होत्या. "ही कालची," त्यांनी सगळ्यांत वरची दाखवली. "या तुम्ही लॅबवाल्या ना? तुमच्या एका शब्दाने मी जेवले हो त्या दिवशी. बसा, चहा टाकते."

"चहा नको. आधी माझं ऐका."

मी सगळं सांगितलं. दोन डबे, दोन नंबर, अकरा ग्रंथी, चार. काही वगळलं नाही. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा उजवा हात डाव्या काखेशी गेला होता. धाकट्या जावेला हुंदका आवरेना. "माझ्यामुळे झालं. मी मेलीने..."

"तू गप्प बस," कमलताई म्हणाल्या. "तुला माहीत होतं ते तू सांगितलंस." मग माझ्याकडे बघून, "आणि लिहिलं कुणी?"

"मी."

"तुम्ही मराठीच ना? लग्नात तुमचंही नाव बदललं असेल."

"हो. माहेरची मी रजनी."

"मग तुम्हाला कसं सुचलं नाही विचारायचं?"

लग्नानंतर नोकरी लागली तेव्हा मी नव्या नावाने कागद करून घेतले होते, म्हणून मी विसरले होते, असं काहीतरी सांगता आलं असतं. मागे रांग होती, वीज गेली होती, हेही खरं होतं.  "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्यांनी ते ठीक आहे असं म्हटलं नाही.

"आता काय करायचं?"

"इंदूरला कर्करोगाच्या डॉक्टरांकडे. सलाइनमधून औषधं देतील, केस जातील, मग किरणांचा शेक. सहा-आठ महिने जातील त्यात."

"उशीर झाला का?"

"झाला. पाच आठवडे."

"त्याने किती बिघडलं?"

"ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही येणार. बिघडलं नसेलही."

"नसेलही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.  आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नळाचा. धाकटी जाऊ बघायला उठली, विनयने तिला हाताने थांबवलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा साडी बदललेली होती, केस विंचरलेले होते आणि खांद्याला एक कापडी पिशवी होती.

"चला."

"काकी, अपॉइंटमेंट घ्यायला लागेल," विनय म्हणाला. "और काका तो मोहनखेड़ा में हैं." त्यांचे यजमान तिथल्या धर्मशाळेच्या व्यवस्थेत नोकरीला होते.

"काका तिकडून परभारे येतील. नंबर नाही लागला तर दवाखान्याच्या बाकावर बसेन." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "उशीर तुमच्याकडून झाला तेवढा पुरे. आणखी माझ्याकडून नको."

गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. दुसरी जागाच नव्हती.

उपचार पूर्ण झाले. केस गेले, परत आले. मी निवृत्त होईपर्यंत खिडकीवर प्रत्येक बाईला कागदावरचं नाव, घरातलं नाव आणि माहेरचं नाव, अशी तिन्ही विचारत राहिले. कुणी चिडलं तर चिडू दिलं. आता तिथे वेगळी मुलगी बसते, तीही विचारते. मी अधूनमधून जाऊन बघून येते, तिला ते आवडत नाही.

कमलताईंची दर सहा महिन्यांनी तपासणी असते. पहिल्या वेळी मी न राहवून फोन केला तर म्हणाल्या, "तुम्ही नका करू. झालं की मीच करीन." आणि करतात. तपासणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या आत. "जगदाळे बोलतेय. ठीक आहे सगळं." एवढंच, माझी ख्यालीखुशालीही विचारत नाहीत. त्या पाच आठवड्यांबद्दल त्या त्यानंतर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

या खेपेची तपासणी सोमवारी होती. मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी वाटलं, गावाला गेल्या असतील. आज शुक्रवार, दुपार टळून गेली आहे. त्यांनी करू नका म्हटलंय, म्हणून मी केलेला नाही. सकाळपासून संपादकांचे दोन आणि गॅसवाल्याचा एक असे फोन येऊन गेले. प्रत्येक वेळी मी धावत जाऊन उचलला. त्यांचा अजून आलेला नाही.